न दुमडलेला वॉशर

घटस्थापना झाली की मी चिडचिडी होते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, "आले बाईसाहेबांचे दिवस," आणि टीव्हीचा आवाज आपणहून कमी करतो. त्याला वाटतं, मला ऑक्टोबरचा उकाडा सोसत नाही. मीही इतकी वर्षं तेच सांगत आले. उकाडा असतोच म्हणा. पाऊस गेलेला, वारा पडलेला, आणि कांदिवलीच्या आमच्या घरात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. पण उकाड्यामुळे माणूस झेंडूचा ढीग दिसला की रस्ता बदलत नाही. मी बदलते. स्टेशनबाहेर फुलवाल्या बसायला लागल्या की मी पलीकडच्या फुटपाथने जाते.

झेंडूचा वास तसा वाईट नाही. ओल्या गोणपाटासकट येतो, जरा कडवट, त्यात आंब्याचे डहाळे आणि भाताच्या हिरव्या लोंब्या. माझ्या नाकात मात्र त्याला गिअर ऑइलचा वास कायमचा चिकटला आहे. आमच्या मरोळच्या घरात हे दोन्ही वास वर्षातून एकदा एकत्र यायचे, खंडेनवमीला. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच घरी सणाला असा वास येतो. पुढे मैत्रिणींकडे गेल्यावर कळलं की त्यांच्याकडे नुसता उदबत्तीचा येतो.

आमचे वडील, अण्णा, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात लेथना हार पडायचे, गेटवर रांगोळी, कागदी द्रोणात पेढा. अण्णांची स्वतःची हत्यारं मात्र घरी यायची. आई पाट मांडायची, त्यावर लाल कापड, आणि घासूनपुसून ओळीत लावलेले पाने, पकडी, छिन्न्या, कानशी, हातोडी. हळदकुंकू, अक्षता, एकेक फूल. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सकाळी ती हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. "वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस त्यांनाही सुट्टी नको?" असं अण्णा म्हणायचे. एका वर्षी मोरीचा नळ धो धो गळत होता. अण्णांनी त्याखाली बादली लावली आणि आई रात्रभर बादल्या बदलत बसली. पाना उचलला नाही म्हणजे नाही.

अण्णा गेले तेव्हा दोन वस्तू मागे उरल्या, हत्यारांची पेटी आणि मोटरसायकल. माझ्या जन्माच्याही आधीची टू-स्ट्रोक गाडी, काळी, टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघे टेकायला रबर. गाडी दादाने घेतली, पेटी मी. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो चालवणारा आणि मी उघडणारी, अशी आमची आपसूक वाटणी झाली होती. अण्णांनी खरं तर दोघांनाही शिकवायला घेतलं होतं, पण दादा पाच मिनिटांत कंटाळायचा आणि मी अण्णांच्या शेजारी वर्तमानपत्रावर पार्ट मांडत बसायची. निघाले त्या क्रमाने मांडायचे, डावीकडून उजवीकडे, म्हणजे बसवताना उलटं चालत यायचं. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "पोरीची नखं बघा जरा, लग्न कसं जमायचं?" आई म्हणायची, "जमेल हो. नवऱ्याची गाडी बंद पडली की कळेल त्याला."

आणि दादा काय चालवायचा ती गाडी! उगाच म्हणत नाही. वेगाने नाही, हळू. मरोळ नाक्याच्या गर्दीत, रिक्षा आणि बसच्या मधून, पाय जमिनीला न लावता. क्लच अर्धा दाबलेला, अर्धा सोडलेला, दोन बोटांवर गाडी तोललेली. नाक्यावरची पोरं बघत उभी राहायची. त्याचा सगळा तोरा त्या डाव्या हातात होता.

सतरा वर्षांपूर्वीच्या नवरात्रात क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मी म्हटलं, प्लेटी गेल्या. बाजारातून नव्या कॉर्कच्या प्लेटी आणल्या, आदल्या दिवशीच ऑइलमध्ये भिजत घातल्या, आणि खंडेनवमीला दुपारी जेवण आटोपून बिल्डिंगखाली बसले. जुन्या काढल्या, नव्या बसवायच्या, त्याआधी प्लेटी ज्यावर चढतात तो मधला हब काढून साफ केला आणि परत लावला. हबच्या मधोमध एक मोठा नट असतो. त्याच्याखाली पत्र्याचा पातळ वॉशर. नट पुरता आवळायचा आणि मग वॉशरची कड छिन्नी-हातोडीने नटाच्या अंगावर दुमडायची, म्हणजे नट कितीही थरथरला तरी फिरत नाही. अण्णा म्हणायचे, "आवळलं म्हणजे झालं नाही. दुमडलं की झालं."

मी नट हाताने बसवला. मोठा पाना घ्यायला मागे वळले तर पेटीच नाही. आई पेटी उचलून जिन्याच्या पायरीवर पोचली होती.

"आई, दहा मिनिटं!"

"दहा नाही नि पाच नाही. चार वाजलेत. पूजा कधी करू, उद्या? आणि ते गाडीचं पोट आधी बंद कर. उद्या सकाळी हार घालायचाय तिला. उघड्या पोटाची पूजा करतात का कुठे? अपशकुन नुसता."

मी वाद घातला नाही. का नाही घातला, हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता तो प्रश्नच झिजला. मनात म्हटलं, उद्या पूजा हलली की कव्हर परत काढीन, पाना लावून जोर देईन, वॉशर दुमडीन. अर्ध्या तासाचं तर काम. नट बोटांनी जेवढा गेला तेवढा आवळला, प्लेटी चढवल्या, स्प्रिंगा लावल्या. कव्हरचे स्क्रू स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधल्या टेस्टरने पिळले, कारण टेस्टर आईच्या हिशेबी हत्यार नव्हतं. वर पुसून चकचकीत केली गाडी. बघणाऱ्याला वाटावं काम पूर्ण झालंय.

संध्याकाळी दादा आला, गाडीभोवती एक चक्कर मारली. "झाली?"

मी म्हटलं, "झाली."

बस, एवढंच. 'उद्यापर्यंत हात लावू नकोस' हे वाक्य माझ्या तोंडात होतं. पण ते म्हटलं असतं तर तो हसला असता, म्हणाला असता, अर्धवट काम करून ठेवलंस ना, शेवटी मेकॅनिककडेच न्यायला लागणार. मला ते ऐकायचं नव्हतं. आणि त्या पठ्ठ्याने त्याच संध्याकाळी नाक्यावर सगळ्यांना सांगून टाकलं की क्लच त्याने स्वतः बसवला, घरच्या घरी! बढाई मारायची सवय, दुसरं काय.

दसऱ्याला मी उठायच्या आत तो फुलं आणायला गाडी घेऊन गेला.

नाक्याच्या सिग्नलला समोर बस उभी होती. गाडी थांबलीच नाही. ती बसच्या मागच्या कोपऱ्यात घुसली आणि दादाचा डावा पाय मधे सापडला. पाय वाचला, पण दोन इंच आखूड झाला, आत सळई आली. डोक्याला मार होता, त्यामुळे त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नाही. आजही नाही. तिथल्या हवालदाराने पाहणाऱ्यांना विचारून निकाल देऊन टाकला, "घाबरला पोरगा. क्लच दाबलाच नाही." तो शब्द हॉस्पिटलमध्ये आला, तिथून घरी आला. आईने तो धरला. नातेवाईक विचारायचे, फार फास्ट चालवायचा का हो? पिऊन बिऊन होता का? आई म्हणायची, "छे हो. घाबरला बिचारा." मुलाला वाचवायलाच म्हणायची ती. आणि दादा पलंगावर छताकडे बघत ते ऐकायचा.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या गेटबाहेर मला नाक्यावरची फुलवाली भेटली. आमची नेहमीची. दादा तिच्याचकडे येत होता त्या दिवशी. ती म्हणाली, "बाय, मी होते ना तिथं. त्याची मूठ दाबलेलीच होती. पडल्यावर पण बोटं सुटेनात, मी नि त्या रिक्षावाल्याने एकेक करून सोडवली. हवालदार काय पण बोलतो."

मी तिला म्हटलं, "बरं, मावशी." आणि आत गेले. कुणाला काही सांगितलं नाही. क्लच दाबूनही गाडी सुटली नाही म्हणजे काय, हे त्या गेटवर उभ्या असलेल्या माणसांत एकट्या मला कळत होतं. क्लच दाबला की इंजिन आणि चाक एकमेकांपासून सुटतात. मधला नट ढिला झाला की सगळी जोडणी बाहेर सरकते, मग लिव्हर कितीही दाबा, आत काही सुटत नाही, इंजिन ढकलत राहतं. क्लच कुणी बसवला असं तर कुणी विचारणारच नव्हतं. तो दादाने स्वतः बसवला होता, असंच अख्ख्या नाक्याला माहीत होतं. त्याच्या बढाईच्या आड मी लपले ती लपलेच.

सतरा वर्षं झाली. गाडी पोलीस स्टेशनातून सुटून आली ती जिन्याखाली ताडपत्री ओढून बसली. कव्हरचे पाच स्क्रू काढले असते तर एका मिनिटात कळलं असतं, नट सुटला होता की नाही. काढले नाहीत. कधी वाटायचं, सुटला नसेलच, दुसरंच काही असेल, केबल अडकली असेल. त्या 'नसेल'च्या आधाराने मी लग्न केलं, बँकेत नोकरी केली, दर राखीपौर्णिमेला दादाला ओवाळलं. त्याला लागेल ते करत आले. डॉक्टर, बूट, त्याच्या मुलीची फी. सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी. ते ऐकलं की मला ओरडावंसं वाटतं.

दादाने परत कधी हँडल धरलं नाही. गाडीचं सोडा, सायकलसुद्धा नाही. पाय अडचणीचा होता हे खरं, पण ते कारण नव्हतं. स्वतःवरच विनोद करायची त्याला सवय लागली. कुणी घाईची गोष्ट काढली की, "मला नका सांगू बाबा, मी घाबरट माणूस." मागच्या वर्षी त्याच्या मुलीने, सईने, स्कूटर मागितली तर म्हणाला, "आपल्या रक्तात नाही ते. ऐन वेळी हात गळतात आपले." ती रुसली. मी त्यांच्याकडे जेवायला बसले होते, पुढ्यात वरणभात होता. तो मी तसाच गिळला.

यंदा मरोळची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली; आई आणि दादा अजून तिथेच राहतात. दिवाळीनंतर जागा सोडायची, म्हणून जिन्याखालचं सगळं हलवायचं. बोरिवलीच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकीन गृहस्थांनी आमची गाडी पसंत केली, फक्त क्लच जाम आहे, चाक फिरत नाही, तेवढं बघा म्हणाले. नवरात्रातल्या रविवारी सकाळी दादाचा फोन.

"शिल्पे, ये इकडे. पेटी अजून तुझ्याकडेच आहे ना? बाहेरचा माणूस हात लावण्यापेक्षा तूच उघड. तुझंच काम आहे ते."

तुझंच काम! सहज म्हणाला तो. मी फोन हातात घेऊन किती वेळ गॅससमोर उभी होते कोण जाणे, दूध उतू गेलं.

गेले. तो जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, आखूड पाय पुढे ताणून. "चहा हवा तर वर सांगतो. आईने भगर निवडायला घेतलीय, उपास सगळ्यांनाच घडणार आज." मी वर्तमानपत्र पसरलं. ऑइल सोडलं, काळं, काकवीसारखं घट्ट. घामाने चष्मा घसरत होता. स्क्रूंच्या खाचा टेस्टरने पिळून चावल्यासारख्या झाल्या होत्या. त्या बघून दादा म्हणाला, "कुणी लावलेत हे, हलवायाने?" मी हसले नाही. चार सुटले, पाचवा हातोडीचा मार खाऊन सुटला.

कव्हर उलटं केलं. आतल्या अंगाला ॲल्युमिनियमवर गोल ओरखडा होता. चांगला खोल, बोट फिरवलं तर लागेल असा. काहीतरी आतून बाहेर सरकून तिथे घासलं होतं. मला तिथेच कळलं.

"ते काय?" दादाने विचारलं.

"जुना असेल."

सतरा वर्षांनीही पहिला शब्द खोटाच निघाला. माझा मलाच राग आला, पण हात थांबले नाहीत. स्प्रिंगा काढल्या, एकीशेजारी एक उभ्या करून उंची पाहिली, सगळ्या सारख्या. प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या, त्या पात्याने सोडवल्या. कॉर्क वाळून बारीक झाला होता पण कुठे जळलेला नव्हता. स्टीलच्या प्लेटी काचेच्या तुकड्यावर ठेवून डोळा लावून पाहिल्या, वाकलेली एकही नाही. एवढं सावकाश मी आयुष्यात काही तपासलं नसेल. दादाला वाटलं, मी चोख काम करतेय. मी वेळ काढत होते. शेवटी काढण्यासारखं काही उरलं नाही आणि मधला नट समोर आला.

मी त्याला पाना लावलाच नाही. दोन बोटं लावली, नट फिरला. गोल, अलगद, बाटलीचं झाकण फिरावं तसा. त्याच्याखालचा वॉशर सपाट होता, दुकानातून आणल्यासारखा.

मी नट मुठीत घेतला आणि दादाकडे पाठ करूनच बोलायला लागले. तोंड बघून बोलण्याची हिंमत नव्हती. सगळं सांगितलं. आईने पेटी नेली ते, टेस्टर, उघड्या पोटाची पूजा, 'झाली' म्हणाले ते. मग फुलवालीचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज बँकेत ग्राहकाला नियम समजावताना येतो तसा कोरडा येत होता, ते मलाच ऐकवत नव्हतं.

वर कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मला वाटलं, आता हातातलं काहीतरी फेकून मारेल. मारावं असंच वाटत होतं.

"फुलवालीचं परत सांग."

"मूठ दाबलेली होती म्हणाली. बोटं सोडवायला लागली एकेक करून."

"डाव्या हाताची?"

"हो."

मी वळले. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. बोटं मिटत होता, उघडत होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, टक्कल पडलेलं, आणि चेहरा रडायला आलेल्या पोरासारखा.

"म्हणजे मी दाबला होता गं," तो म्हणाला. "मी घाबरलो नव्हतो."

"नाही."

"आणि हे तुला तिसऱ्या दिवशी माहीत होतं."

"हो."

"पायाचं सोड. पाय गेला तो गेला, होतं एखादं. पण शिल्पे, मी रोज... रोज गं..." मग एकदम ओरडला, "तुला एकदाही वाटलं नाही? तुझ्यासमोर मी स्वतःला घाबरट म्हणायचो, तू हसायचीस!"

हसायची मी. खरं आहे.

तो उठला आणि जिना चढायला लागला. मी सवयीने कोपर धरायला गेले तर त्याने हात झटकला. दोन मजले तो कठड्याला धरून, आखूड पाय ओढत, मी कधी पाहिला नव्हता अशा वेगाने चढला. मी मागून, नट अजून मुठीत. पायाचं मी केलं होतं, पण ते जाणूनबुजून नव्हतं. गप्प मात्र जाणूनबुजून बसले होते, रोज, न चुकता. जिन्यात हे मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं सतरा वर्षांत दिसलं नव्हतं.

आईने दार उघडलं, हातात भगरीचं ताट. दादाला धाप लागली होती.

"आई, मी क्लच दाबला होता."

"काय दाबला होतास? काय झालं रे, घामाघूम झालायस."

"त्या दसऱ्याला. मी घाबरलो नव्हतो." मग माझ्याकडे न बघता, "सांग तिला."

मी सांगितलं. दारातच, चपला घालून. नट ढिला राहिला, वॉशर मी दुमडला नाही, त्यामुळे क्लच दाबूनही सुटला नाही, दादाचा काही दोष नव्हता, आणि मला हे माहीत होतं. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे, कानाने थोडी मंद, पण डोक्याने नाही. ती एकेक शब्द ऐकत होती. दादाच्या दंडावरून तिने एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "अगं, पण तू असं अर्धवट सोडशील कशी? अण्णा गेले तरी तुझं काम..." आणि थांबली. तिच्या कपाळावर आठी आली. "कधी बसवलास तू तो? आदल्या दिवशी ना? म्हणजे खंडेनवमीला. मग हातोडी तर मी..."

ताट तिच्या हातात तिरकं झालं. भगरीचे दाणे फरशीवर सांडले.

"नाही आई," मी म्हटलं. "हातोडी माझ्याजवळ होती. खालीच राहिली होती, तुझ्या लक्षात नाही. मी कंटाळा केला, बस."

दादाला खरं ठाऊक होतं. पाच मिनिटांपूर्वी खाली मीच त्याला सांगितलं होतं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, उगाच खोटं कशाला लिहू. मग त्याने आईच्या हातातलं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं, तिला खुर्चीत बसवलं.

"हो आई," तो म्हणाला. "आळशीच आहे ती. पहिल्यापासून."